परसदारी ब्लूबर्ड: पेटी लावण्याआधी आणि लावल्यानंतर

ब्लूबर्ड या छोट्या निळ्या अमेरिकन पक्ष्यासाठी अंगणात घरट्याची लाकडी पेटी लावायची असेल, तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. मार्चपासून ऑगस्टपर्यंत आठवड्यातून किमान एकदा ती पेटी उघडून आत बघायचं आहे. ते जमणार नसेल तर यंदा पेटी लावू नका. एखादं फळझुडूप लावा, पाण्याचं पसरट भांडं ठेवा. पक्षी तेवढ्यानेही येतात. वाऱ्यावर सोडलेली पेटी मात्र कित्येकदा ब्लूबर्डसाठी सापळा ठरते. तो कसा, ते पुढे येईलच.

हा लेख अमेरिकेत नुकतंच घर घेतलेल्या, मागे थोडं मोकळं अंगण मिळालेल्या मराठी मंडळींसाठी आहे. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते, त्यामुळे तारखा आणि हवामान इथलं धरलं आहे. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मिशिगनकडे सगळं काही आठवडे उशिराने सुरू होतं.

पक्षी ओळखा

ब्लूबर्डच्या जाती तीन. रॉकी पर्वतांच्या पूर्वेला ईस्टर्न, पश्चिम किनाऱ्याकडे वेस्टर्न आणि उंचावरच्या मोकळ्या माळांवर माउंटन. कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या अंगणात येतो तो वेस्टर्न. ईस्टर्नच्या नराची पाठ, पंख आणि शेपूट गडद निळी, गळा आणि छाती विटकरी, पोट पांढरं. मादी फिकी असते. तिची पाठ राखाडी, निळा रंग पंखांत आणि शेपटीत तेवढा. आकार चिमणीपेक्षा थोडा मोठा आणि वजन जेमतेम ३० ग्रॅम. डोक्यावर तुरा असलेला, मोठा, कर्कश ओरडणारा निळा पक्षी दिसला तर तो ब्लू जे. नवीन माणसं या दोघांत हमखास गोंधळतात.

लॉनवर उड्या मारणारा अमेरिकन रॉबिन हा ब्लूबर्डचा नातेवाईक. दोघेही कस्तुर कुळातले. ब्लूबर्ड कुंपणावर किंवा तारेवर बसून खालच्या गवतावर नजर लावतो, झेप घेऊन किडा उचलतो आणि पुन्हा जागेवर येऊन बसतो. याच सवयीमुळे त्याला आखूड गवताची मोकळी जागा लागते. दाट झाडीतल्या घरी पेटी लावून ब्लूबर्डची वाट बघण्यात अर्थ नाही. तिथे चिकडी हा ढोलीत राहणारा चिमुकला पक्षी येईल, आणि तिचंही स्वागतच करावं.

पेटीची गरज का पडली

या पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. सुतारपक्ष्याने सोडून दिलेली ढोली, कुजलेल्या खोडातली पोकळी, जुन्या लाकडी कुंपणाच्या खांबातलं भोक, अशा ठिकाणी तो घरटं करतो. शेतीवाडी आणि वस्ती वाढली तशी वाळकी झाडं तोडली गेली, लाकडी खांबांच्या जागी लोखंडी आले. त्यातच बाहेरून आणलेल्या दोन पक्ष्यांनी उरलेल्या ढोल्या बळकावल्या. १८५० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये युरोपातल्या चिमण्या आणून सोडल्या होत्या, आणि १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये स्टार्लिंग सोडले. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला पक्षी, तसाच दणकट आणि भांडखोर. दोघेही खंडभर पसरले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक भागांत ब्लूबर्ड दिसेनासा झाला होता.

तो परत आला तो पेट्यांमुळे. लॉरेन्स झेलेनी या निवृत्त शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी स्थापन केली. शेतांच्या कडेने, दफनभूमीत, गोल्फच्या मैदानांवर ओळीने पेट्या लावणाऱ्या आणि दर आठवड्याला त्या तपासणाऱ्या हजारो सामान्य माणसांनी हा पक्षी पुन्हा उभा केला. तुमची एक पेटी त्याच कामाचा भाग असते.

पेटी कशी असावी

दुकानातल्या रंगीबेरंगी, चिमुकल्या खिडक्यांच्या पेट्या दिवाणखान्यात शोभतात. पक्ष्याच्या उपयोगाची पेटी साधी असते.

भोक गोल असेल तर ईस्टर्नसाठी व्यास बरोबर दीड इंच. वेस्टर्न आणि माउंटनसाठी एक पूर्णांक नऊ सोळांश इंच. याहून मोठं भोक असलं तर स्टार्लिंग आत शिरतो, म्हणून विकत घेताना मोजपट्टी लावून बघा. तळ आतून चार ते पाच इंच चौरस. भोकाची खालची कड तळापासून पाच-सहा इंच वर हवी. लाकूड बिनरंगाचं, रसायन न लावलेलं देवदार किंवा पाइन, जाडी पाऊण इंच. छत पुढे आलेलं असावं, तळाला पाणी निथळायला भोकं आणि वर हवेसाठी फट हवी. भोकाच्या खालच्या बाजूने आतल्या फळीवर आडव्या खाचा पाडून घ्या. पिल्लं त्याच धरून वर चढतात.

भोकाबाहेर बसायला दांडी असेल तर काढून टाका. ब्लूबर्डला तिची गरज नसते, चिमण्यांची मात्र सोय होते. आणि पेटीची एक बाजू किंवा पुढची फळी उघडणारी असायलाच हवी. उघडता न येणारी पेटी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

खांब आणि जागा

झाडाला किंवा कुंपणाला पेटी ठोकण्याचा मोह टाळा. रकून, मांजर आणि झाडावर चढणारे साप यांना ती आयती शिडी मिळते. आमच्या भागातले काळे रॅट स्नेक बिनविषारी आहेत आणि निसर्गात त्यांचं काम मोलाचं आहे, पण ते खांबावरून सरळ वर चढून अख्खं घरटं रिकामं करतात. गुळगुळीत लोखंडी खांब रोवा आणि पेटीच्या खाली खांबाभोवती बॅफल लावा. बॅफल म्हणजे पत्र्याचं रुंद नळकांडं, वरून बंद आणि खालून उघडं. सुमारे आठ इंच व्यासाचं आणि दोन फूट लांबीचं असलं म्हणजे बहुतेक शिकारी तिथूनच परततात. पेटीवर खर्च केलेत त्याहून जास्त बॅफलवर झाला तरी चालेल.

भोक जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवा, म्हणजे पक्ष्याला सोयीचं आणि तुम्हाला शिडीशिवाय आत बघता येईल असं. तोंड शक्यतो पूर्वेकडे. आमच्याकडे जून-जुलैत पश्चिमेचं ऊन थेट आलं तर आतली पिल्लं भाजून निघतात. समोर शंभर फुटांच्या आत एखादं झाड किंवा झुडूप हवं, कारण पिल्लाची पहिली झेप तिथवरच पोचते. दाण्याच्या फीडरपासून पेटी जितकी लांब, तितकं बरं.

ईस्टर्नची एक जोडी शंभर यार्डांच्या आत दुसरी जोडी सहसा खपवून घेत नाही, त्यामुळे साध्या अंगणाला एकच पेटी पुरे. अपवाद एकच. तुमच्याकडे ट्री स्वॅलो (ढोलीत घरटं करणारी पाकोळी) असतील तर पंधरा-वीस फुटांवर दुसरी पेटी लावा. स्वॅलो आपल्या जातभाईंना हाकलतो, ब्लूबर्डला शेजारी राहू देतो. खांब रोवण्याआधी एचओएचे, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचे, नियम वाचून घ्या. हे सगळं फेब्रुवारी संपायच्या आत झालेलं असू द्या.

चिमणीचा प्रश्न

हा भाग आपल्याला सर्वांत जड जातो. ‘एक घास चिऊचा’ म्हणत आपण जेवायला शिकलो. भारतात शहरांतून चिमण्या कमी झाल्या म्हणून नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन सुरू केला. तिकडे घरोघरी लोक पेट्या टांगतात त्या चिमणीसाठीच. इथल्या अंगणात दिसणारी हाऊस स्पॅरो ही तीच जात. राखाडी टोपी आणि गळ्याखाली काळा डाग असलेला चिमणा बघून क्षणभर माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

पण इथे ती पाहुणी म्हणून आलेली नाही, तिला आणून सोडलंय, आणि ढोलीसाठी ती जीव घेते. चिमणा दीड इंचाच्या भोकातून सहज आत जातो. आत बसलेल्या ब्लूबर्ड मादीला बाहेर पडायला दुसरी वाट नसते. तो तिच्या डोक्यावर चोची मारून तिला मारतो, अंडी फोडतो, पिल्लं बाहेर फेकतो, आणि कधीकधी मेलेल्या पक्ष्यावरच गवत रचून आपलं घरटं बांधतो. सुरुवातीला ज्याला सापळा म्हटलं, तो हाच. कुणी न बघितलेल्या पेटीत चिमण्यांची पिढी वाढते आणि ती पुढच्या वर्षी शेजारच्या पेट्यांवर चाल करून जाते.

उपाय घरातूनच सुरू होतात. उरलेला भात, पोळीचे तुकडे, तांदूळ अंगणात टाकणं बंद करा. भूतदया म्हणून केलेली ही गोष्ट चिमण्यांचे थवे गोळा करते. फीडरमधून बाजरीसारखं बारीक धान्य आणि मक्याचा भरडा काढून टाका. पेटीत चिमणीचं घरटं दिसलं की काढा, आणि ती पुन्हा बांधेल तितक्या वेळा काढा. हाऊस स्पॅरो आणि स्टार्लिंग यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कराराच्या कायद्याचं संरक्षण नाही, त्यामुळे त्यांचं घरटं काढणं कायद्यात बसतं. बाकी जवळजवळ सगळ्या देशी पक्ष्यांना ते संरक्षण आहे. म्हणून खात्री पटल्याशिवाय एकाही काडीला हात लावायचा नाही.

ब्लूबर्डचं पहिलं अंडं पडलं की पेटीच्या छतावर ‘स्पॅरो स्पूकर’ लावता येतो. दोन उभ्या काठ्या, वर एक आडवी, आणि तिला बांधलेल्या चकचकीत मायलरच्या पट्ट्या, छताला जेमतेम टेकतील इतक्या लांब. चिमण्या त्या सळसळीला बिचकतात, अंड्यांची ओढ लागलेली ब्लूबर्ड मादी मात्र सरावते. अंडं पडायच्या आधी लावाल तर ब्लूबर्डच निघून जाईल. पिल्लं उडाली की पट्ट्या उतरवा, नाहीतर चिमण्याही सरावतात.

एवढं करूनही चिमण्या हटत नसतील तर भोक बुजवा किंवा पेटी उतरवून ठेवा. हे वाईट वाटण्यासारखं आहे, पण ब्लूबर्डला मरणाच्या जागी बोलावण्यापेक्षा बरं.

आतलं घरटं कुणाचं

ब्लूबर्डचं घरटं नीटनेटकं असतं. बारीक वाळलेलं गवत किंवा पाइनच्या सुया गोलाकार विणून मधे खोलगट वाटी केलेली. आमच्याकडे लॉबलॉली पाइन ठिकठिकाणी असल्याने कित्येक घरटी निव्वळ सुयांची असतात, तांबूस आणि एकसारखी. अंडी बिनठिपक्यांची, फिकी निळी. क्वचित एखादी मादी पांढरी अंडी घालते. ती खराब आहेत असं समजू नका.

गवताच्या घरट्यात पिसं अंथरलेली आणि अंडी शुभ्र असतील तर ट्री स्वॅलो. खाली हिरव्या शेवाळाची गादी आणि तांबूस ठिपक्यांची इवली अंडी असतील तर चिकडी. पेटी काटक्यांनी ठासून भरलेली दिसली तर हाऊस रेन. हा चिमुकला पक्षी दुसऱ्यांची अंडी टोचून फोडतो, पण तो देशी आहे आणि त्याच्या वापरातल्या घरट्याला हात लावणं गुन्हा आहे. पेटी झुडपांपासून लांब उघड्यावर असली की रेन कमी फिरकतो. आणि गवत, पिसं, कागद, प्लॅस्टिकचे तुकडे असा पसारा छतापर्यंत कोंबलेला असेल तर ती चिमणी.

तारखा लिहा

फेब्रुवारीच्या उबदार सकाळी नर पेटीवर बसून एक पंख उचलून हलवताना दिसेल. तो गवताची काडी घेऊन आत-बाहेर करतो, पण घरटं बांधते ती मादीच. नंतर ती रोज सकाळी एक, अशी साधारण चार-पाच अंडी घालते. शेवटचं अंडं पडेपर्यंत ती नेटाने उबवायला बसत नाही, त्यामुळे सुरुवातीची अंडी थंड लागली किंवा मादी दिसली नाही तर घाबरून जाऊ नका. या दिवसांत सोडून दिलेलं घरटं समजून ते उपसणं ही मोठीच हानी.

समजा, १ एप्रिलला पहिलं अंडं पडलं आणि एकूण पाच झाली. शेवटचं ५ तारखेला. तिथून १२ ते १४ दिवस धरा, म्हणजे १७ ते १९ एप्रिलच्या सुमारास पिल्लं बाहेर येतील. ती १६ ते २१ दिवस पेटीत राहतात. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उडतील. पिल्लं १२ दिवसांची झाली, म्हणजे साधारण २९ एप्रिलपासून, पेटी उघडणं पूर्ण बंद. हा नियम मोडू नका. त्या वयात दार उघडलं की पिल्लं घाबरून बाहेर उड्या टाकतात, आणि पंखात बळ नसल्याने गवतात मांजराच्या तोंडी जातात. नंतरचं सगळं दुर्बिणीतून बघायचं.

तपासणीची रीत साधी आहे. दुपारी जा. सकाळी मादी अंडं घालत असते, आणि संध्याकाळी तिला उठवलं तर ती अंधारात परत येत नाही. पाऊस किंवा कडाक्याची थंडी असेल तर जाऊ नका. आधी पेटीवर हलकं टकटक करा म्हणजे ती निघून जाईल. दार थोडं उघडा, फोनने फ्लॅश न वापरता एक फोटो काढा, दार नीट लावा. हे सगळं एका मिनिटाच्या आत. मादी उठलीच नाही तर दार अलगद लावून माघारी या. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लं टाकून देतो, हा समज खोटा आहे. खाली पडलेलं बिनपिसांचं पिल्लू उचलून परत ठेवायला हरकत नाही.

पिल्लं बघताना रोजचा फरक जाणवतो. पहिल्या दिवशी गुलाबी कातडी, मिटलेले डोळे आणि पाठीवर राखाडी लव. आठवड्याभरात डोळे उघडतात, पंखांवर निळसर नळ्या फुटतात, आणि बाराव्या दिवसापर्यंत पंखांचा रंग इतका उतरतो की ठळक निळे ते नर, मळकट ते मादी, असं सांगता येतं. त्या दिवसांत लॉनवर खुर्ची टाकून लांबून बघा. नर-मादी दर काही मिनिटांनी अळी, नाकतोडा, कोळी घेऊन येतात आणि परत जाताना चोचीत पांढरी पुडी नेतात. ती पिल्लाची विष्ठा, पातळ पडद्यात गुंडाळलेली. आई-बाप ती लांब नेऊन टाकतात, त्यामुळे घरटं कोरडं राहतं आणि वासाने शिकारी येत नाहीत.

आत गांधीलमाशीने घर करायला घेतलं असेल तर रिकाम्या पेटीच्या छताला आतून अंगाचा साबण घासा. कीटकनाशकाचा फवारा कधीही नाही.

खाणं आणि लॉन

ब्लूबर्ड फीडरमधलं धान्य खात नाही. मीलवर्म, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या भुंग्याच्या अळ्या, त्याला फार आवडतात. थंडीच्या लाटेत किंवा सलग पावसात चमचाभर द्यावेत. सुकवलेले असतील तर आधी पाण्यात भिजवून. रोज भरभरून देऊ नका, पिल्लांना निव्वळ मीलवर्मवर वाढवलं तर कॅल्शियम कमी पडतं. खरं खाणं तुमच्या गवतात आहे, आणि म्हणूनच लॉनवर किडे मारायची औषधं मारू नका. महिन्याला माणूस येऊन फवारून जात असेल तर त्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा आणि मार्च ते ऑगस्ट तरी ते थांबवा. पेटी लावून शेजारीच अन्न विषारी करायचं, हे एकाच अंगणात चालणार नाही. हिवाळ्यासाठी डॉगवुड, होली, ईस्टर्न रेड सीडर अशी फळं धरणारी झाडं लावा. पाण्याचं भांडं इंच-दोन इंच खोल असावं. आणि घरातली मांजर घरातच ठेवा.

पिल्लं उडाल्यावर

रिकामं घरटं लगेच काढा. हातमोजे आणि मास्क घालून ते पिशवीत भरा आणि कचऱ्यात टाका, पेटीजवळ टाकलं तर शिकारी माग काढतात. आतून खरवडा, पाण्यात थोडं ब्लीच घालून पुसा, वाळू द्या. एखादं न फुटलेलं निळं अंडं मागे राहिलं तर ते कपाटात मांडून ठेवू नका. देशी पक्ष्याचं अंडं, घरटं, पीससुद्धा जवळ ठेवायला तोच १९१८ चा कायदा मनाई करतो.

उडालेल्या पिल्लांना पुढचे काही आठवडे बहुतांशी बापच भरवतो, कारण मादी तोवर दुसऱ्या घरट्याला लागलेली असते. आमच्या भागात एका हंगामात तीन वेळाही अंडी होतात, उत्तरेकडे बहुधा दोनदा. कधी पहिल्या खेपेची मोठी झालेली पिल्लं धाकट्यांना किडे आणून देताना दिसतात.

तुमच्या तारखा वहीत राहू देऊ नका. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचा ‘नेस्टवॉच’ उपक्रम विनामूल्य आहे. तिथे घरट्याची जागा, अंड्यांची संख्या, पिल्लं कधी उडाली हे नोंदवता येतं. आधी त्यांची वागणुकीची नियमावली वाचून छोटी चाचणी द्यावी लागते, आणि ती मुलांबरोबर बसून देण्यासारखी आहे. आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायना ब्लूबर्ड सोसायटी आहे, बहुतेक राज्यांत अशी संस्था असते. ओल्या घरट्याचं काय करायचं, अनाथ पिल्लांना कुणाकडे न्यायचं, असे प्रश्न अंदाजाने सोडवण्यापेक्षा तिथल्या जाणत्या माणसांना विचारा.

ऑगस्टनंतर पेटी साफ करून जागेवरच राहू द्या. थंडीच्या रात्री ब्लूबर्ड एकमेकांना बिलगून तिच्यात झोपतात. जानेवारीच्या शेवटी पुन्हा उघडून बघा: खिळे ढिले झालेत का, उंदराने गवत भरलंय का, खारीने कुरतडून भोक मोठं केलंय का. भोक मोठं झालं असेल तर दीड इंचाच्या छिद्राची पितळी चकती त्यावर बसवा, आणि बॅफलचे स्क्रू घट्ट करून घ्या.